हुरडा घरचा, हिशेब रोखीचा

ग्रुप ट्रिप म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गोवा? लोणावळा? अलिबागचा स्विमिंग पूलवाला बंगला? आणि त्याच्या मागोमाग येतो तो व्हॉट्सअॅप ग्रुप. पहिल्या दिवशी शंभर मेसेज, दुसऱ्या दिवशी तारखांचा पोल, तिसऱ्या दिवशी 'बॉस सुट्टी देत नाहीये यार' आणि चौथ्या दिवशी सगळं शांत! माझ्या फोनमध्ये असे पाच ग्रुप आहेत. त्यातल्या एकानेही अजून पुण्याचा टोलनाका ओलांडलेला नाही.

आम्हा सोलापूरकडच्या मंडळींकडे मात्र एक प्लॅन असा आहे, जो सहसा फिसकटत नाही. कारण त्याची तारीख आपण ठरवत नाही, ज्वारी ठरवते. दाण्यात दूध भरलं की आठ-पंधरा दिवसांत शेतावर पोचायचं. उशीर केलात तर दाणा टणक होतो आणि मग वर्षभर दुसऱ्यांचे फोटो लाइक करत बसायचं. बरोबर ओळखलंत, हुरडा पार्टी!

ज्यांनी हुरडा फक्त मॉलमध्ये प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बघितलाय, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रब्बीची ज्वारी पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात. डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत कणसं हिरवी आणि कोवळी असतात. ती कापायची, शेणाच्या गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, चटके बसत असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून फोलपट उडवायचं आणि हातात उरलेले हिरवेगार दाणे थेट तोंडात. सोबत शेंगाची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही, बोरं, रेवड्या. त्यावर ऊस आणि ताक. मेन्यू संपला. कुठल्याही फाइव्ह स्टारच्या बुफेला टक्कर देईल असा!

चौतीस माणसं, दोन संडास

आमचं शेत मंगळवेढा तालुक्यात, सोलापूरहून साधारण ५५ किलोमीटरवर. या मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते उगाच नाही. इथली काळी जमीन खोल आहे. पावसाळ्यात प्यायलेलं पाणी ती पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर, थंडीच्या जोरावर मालदांडी ज्वारी वर येते. कित्येक शेतांत पेरणीनंतर पाण्याचा थेंबही द्यावा लागत नाही. २०१६ मध्ये मंगळवेढा ज्वारीला भौगोलिक मानांकन, म्हणजे तो फेमस जीआय टॅगही मिळाला. 'मिलेट'च्या नावाखाली शहरातल्या कॅफेमध्ये आपण जे चारशे रुपयांचं सॅलड खातो ना, त्याचं माहेर हे असं आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा माझ्या ऑफिसवाल्या मैत्रिणींना ज्वारीचा शोध लागला. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ भाकरीच होती!

तर २०२५ चा जानेवारी. २६ तारीख नेमकी रविवारी आल्यामुळे सगळ्यांची हक्काची सुट्टी फुकट गेलेली. त्याचं दुःख विसरायला शनिवार-रविवार शेतावर जायचं ठरलं. अण्णा, म्हणजे माझे मोठे काका, सोलापुरातून. पंढरपूरची आत्या. आमचं घर. पुण्याचे चार चुलत-आते भाऊ, त्यांच्या बायका, पोरं. हैदराबादहून एक जोडपं. पिंपरीतल्या आयटी कंपनीतले भावाचे तीन मित्र, ज्यांना 'ऑथेंटिक व्हिलेज एक्स्पीरियन्स' हवा होता. मोजणी केली तेव्हा आकडा निघाला ३४. एकवीस मोठी, आठ पोरं आणि पाच ज्येष्ठ नागरिक. आणि शेतातल्या घरात संडास किती? दोन! त्यातला एक नवाकोरा, दरवाजाला अजून रंग न लागलेला.

आम्ही पुणेकर शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापुरात उतरलो. शनिवारी सकाळी दोन क्रूझर आणि तीन कार निघाल्या. डिकीत काय काय होतं म्हणाल तर कडक भाकरीची दोन पाकिटं, किलोभर शेंगाची चटणी, अकरा सोलापुरी चादरी आणि हैदराबादच्या वहिनींनी आणलेला डास मारायचा बॅटरीवाला बॅट. बॅट वापरायची वेळच आली नाही. थंडीच इतकी होती की डास कुठल्या कुठे!

वाटेत भीमेच्या काठी माचणूरला थांबलो. तिथे सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि नदीकडे उतरत जाणारा देखणा घाट आहे. शेजारी किल्ल्याचे अवशेष. आजूबाजूचा हा सगळा परिसर म्हणजे इतिहासातलं ब्रह्मपुरी. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं औरंगजेबाची छावणी इथे पडली होती. लाखोंच्या लवाजम्यासकट! आमच्यातला एक भाऊ म्हणाला, 'काय बे, आपण चौतीस जणांनी एवढं टेन्शन घेतलंय, त्यांनी संडासाचं काय केलं असेल?' इतिहासाच्या पुस्तकात याचं उत्तर नाही.

चुलीजवळची कंपनी

आता शेतावरच्या कंपनीची ओळख करून देते. तात्या, म्हणजे मधले काका. आजोबांच्या तीन मुलांपैकी तेच शेतात राहिले. अण्णा नोकरीला लागले, पप्पा बँकेत गेले. तात्यांची बायको काकू. आणि त्यांचा मुलगा, आमचा दादा. वय ३२, बीएस्सी अॅग्री, सकाळी साडेपाचला उठणारा, आमच्या अख्ख्या खानदानातला एकमेव माणूस ज्याला व्यायामशाळेची गरज नाही.

दादाचं लग्न ठरत नाहीये. मुलात काही खोट नाही, पण 'मुलगा काय करतो' या प्रश्नाचं उत्तर 'शेती' असं आलं की समोरून चहाचे कप उचलायला सुरुवात होते. हे फक्त आमच्या घरातलं दुखणं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी फेटे आणि मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून चक्क जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. टीव्हीवर सगळ्यांना हसू आलं. दादाला नाही आलं. त्याच्या ओळखीतले दोघं त्यात होते.

तर या दादाने यंदा आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला होता. मोठ्यांना दोन दिवसांचे ८०० रुपये, पोरांना ४००, ज्येष्ठांना काही नाही. खाली यूपीआयचा क्यूआर कोड. आणि शेवटी हात जोडलेला इमोजी.

ग्रुपवर जी शांतता पसरली, ती मी आजवर अनुभवलेली नाही. पाच मिनिटं कोणी गुड मॉर्निंगचं फूलसुद्धा टाकलं नाही!

घरच्या माणसांकडून हुरड्याचे पैसे? आजोबांच्या शेतात? पुण्याच्या एका भावाने लगेच पाठवले, एका वहिनीने 'फॅमिली डिस्काउंट नाही का' म्हणून हसरा चेहरा टाकला आणि अण्णांनी तर फोनच बंद करून ठेवला. ते येणार की नाही, हे शुक्रवारी रात्रीपर्यंत कोणाला माहीत नव्हतं.

मला मात्र तो क्यूआर कोड बघून बरं वाटलं, आणि त्याचं कारण माझ्या धंद्यात आहे. मी फ्रीलान्स पत्रकार आहे. 'आपलंच काम आहे, मानधनाचं नंतर बघू' हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकायला मिळालंय की त्याचा रिंगटोन करता येईल. जिथे 'आपलं' म्हणतात तिथे चेक उशिरा येतो, आणि जिथे 'घरचंच' म्हणतात तिथे येतच नाही. तुमच्यातल्याही अनेकांनी मित्राचा लोगो, मावशीच्या मुलाची वेबसाइट, वहिनीच्या भावाचं टॅक्स रिटर्न असं काहीबाही 'घरचं' म्हणून केलं असेलच की!

आणि हुरड्याला कष्ट किती लागतात, ते दोन दिवसांत डोळ्यांनी दिसलं. मालदांडी दाण्याला आणि कडब्याला उत्तम, पण हुरडा चोळायला सुरती किंवा गूळभेंडी बरी, दाणा पटकन सुटतो. म्हणून दादाने विहिरीजवळ थोड्या सऱ्या वेगळ्या पेरल्या होत्या. कोवळा दाणा पाखरांनाही तितकाच आवडतो, त्यामुळे तीन आठवडे दिवसभर राखण. आमच्या पोरांनी गोफण फिरवून बघितली. पोपट जागेवरून हलला नाही, आयटीवाल्या मित्राची टोपी मात्र उडाली. आगटीचं तंत्र त्याहून अवघड. जाळ असेल तर कणीस करपतं, निखारा विझला तर कच्चं राहतं. चौतीस माणसं गोल बसून 'अजून, अजून' करत असताना तीन मजूर, तात्या आणि दादा सलग चार तास वाकून भाजत होते. काकू मात्र आत होती, कारण हुरड्यानंतर पिठलं-भाकरी लागतेच. त्या दिवशी तिने किती भाकरी थापल्या ते मोजायला कोणी बसलं नव्हतं.

दामाजीपंत आणि सोसायटीचं कर्ज

अण्णा आले. पण सबंध दुपार त्यांनी कणसाला हात लावला नाही. रात्री आगटीभोवती सगळे चादरी गुंडाळून बसले तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

'हे दामाजीपंतांचं गाव आहे. दुष्काळात त्यांनी धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली. आणि आपण सख्ख्या भावाच्या पोरांना हुरडा विकायचा?'

ही कथा आमच्याकडे सगळ्यांना पाठ. बहामनी राजवटीत मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारातलं धान्य भुकेल्यांना वाटून टाकलं. शेक्सपिअर एकवेळ माहीत नसेल, दामाजीपंत माहीत असणारच.

दादा निखारा सारखा करत होता. मान वर न करता म्हणाला, 'अण्णा, दामाजीपंतांनी उघडलं ते सरकारचं कोठार हुतं. आपल्या कोठारावर सोसायटीचं कर्ज हाय.'

कोणी हसलं नाही. मग दादाने घरातून वही आणली आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये हिशेब वाचून दाखवला. जमा २०,००० रुपये. खर्च असा: मजुरी ३,०००, किराणा आणि दूध-दही-भाजी ५,२००, गाद्या आणि मंडपाचं भाडं २,४००, गोवऱ्या-ऊस-बोरं ९००, पाण्याचा टँकर १,०००. एकूण १२,५००. राहिले ७,५००. 'आन् जी कणसं आपण खाल्ली, त्याची ज्वारी आता व्हायची नाही. त्याचा कडबाबी तेवढा चांगला उतरत नाही. ते यात धरलंच नाही.'

दर वर्षी हा खर्च कोण करायचं, हा प्रश्न कोणी विचारला नाही. सगळ्यांना उत्तर कळलं होतं.

मग दादाने खरा मुद्दा काढला. त्याला विहिरीजवळच्या दोन एकरांत हुरडा सेंटर सुरू करायचंय. तीन महिन्यांचा हंगाम, शनिवार-रविवार, सोलापूर आणि पुण्याची गिऱ्हाइकं. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं, त्यात पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते आणि ते प्रमाणपत्र बँकेतही दाखवता येतं. बारामतीकडे पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या आसपासच कृषी पर्यटनाची चळवळ उभी केली, तेव्हापासून कित्येक शेतकऱ्यांनी हा जोडधंदा धरला. पण आमचा सातबारा अजून सामाईक. त्यावर तिन्ही भावांची आणि आत्याचीही नावं. आत्याने हक्कसोडपत्र कधी केलंच नव्हतं, आणि त्यावरून घरात मागे थोडी धुसफुसही झाली होती. आता सगळ्यांची संमती लागणार होती. चौतीस माणसांना एकत्र बोलावण्यामागे दादाचं हे गणित होतं!

तेवढ्यात कार्डिफच्या माझ्या मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. आमचा हुरडा बघून तो आधी हळहळला, मग त्याने त्यांची ट्रिप सांगितली. वेल्सच्या डोंगरात, ज्या नॅशनल पार्कला आधी ब्रेकन बीकन्स म्हणायचे आणि २०२३ पासून बान्नाय ब्रचेनिओग म्हणतात, तिथे त्यांनी सहा कुटुंबांत मिळून एका मेंढपाळ शेतकऱ्याचं जुनं दगडी घर भाड्याने घेतलं होतं. सतरा माणसं, तीन दिवस. तिथलं सर्वांत उंच शिखर पेन-इ-फॅन ८८६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जेमतेम निम्मं, पण पावसाने त्यांना खालूनच परत पाठवलं. मजेची गोष्ट पुढेच. भिंतीवर पाट्यांचा कागद होता. भांडी ज्याची त्याने घासायची, चिखलाचे बूट बाहेर, जाताना चादरी काढून ठेवायच्या. स्वयंपाकाच्या पाळ्या यांनीच लावल्या. 'आणि पैसे?' आत्याने विचारलं. 'आधीच भरावे लागतात गं. नुसत्या मेंढ्यांवर तिकडेपण भागत नाही,' तो म्हणाला.

अण्णा यावर काही बोलले नाहीत, पण ऐकत होते. आत्या बोलली. 'मी सही देते. पण वर्षाचा हिशेब माझ्या घरी यायला पाहिजे. नाव आहे तर कागदपण दिसू दे.' पप्पांनी मान डोलावली. आता सगळे अण्णांकडे बघत होते.

आणि या सगळ्यात आतून काकूचा आवाज आला. भांडी घासता घासता ती इतका वेळ सगळं ऐकत होती.

'आरं, मजुरीचे तीन हजार लिहिले. त्यात माझी किती?'

दादा गप्प. आम्ही सगळ्या जणी गप्प. इतकी वर्षं हुरडा खाऊन हात पुसत 'काकू, तुझ्या हाताला काय चव आहे!' म्हणणारे एकवीसच्या एकवीस जण गप्प. तिने हे भांडणाच्या सुरात विचारलं नव्हतं. भाजीत मीठ किती घालू, इतक्या साध्या सुरात विचारलं होतं.

दादाने पेन काढलं. मजुराला दिवसाला ५०० दिले होते. आदले दोन दिवस आणि हे दोन, असे काकूचे चार दिवस. २,००० रुपये. त्याने ते वहीत लिहिले आणि शिल्लक खोडून ५,५०० केली. मग काकूने हात पुसले, बाहेर येऊन वही बघितली आणि म्हणाली, 'आता बरोबर झालं.' हैदराबादच्या वहिनी उठून भांड्यांकडे गेल्या. तिच्यामागोमाग आयटीवाले तिघंही गेले. ऑथेंटिक एक्स्पीरियन्स!

अण्णा सकाळी बोलले. विहिरीची कड, दोनच एकर, एकच हंगाम, आणि हंगाम संपल्यावर सगळ्यांसमोर वही उघडायची. बाकी जमिनीला हात लावायचा नाही. दादाला याहून जास्त हवं होतं, पण त्याने वाद घातला नाही. त्या सकाळी अण्णांनी हुरडा खाल्ला. पैसे मात्र द्यायचे नव्हते तरी दिले नाहीत, हे ते आजही आवर्जून सांगतात.

पुढे काय झालं? २०२५ च्या सप्टेंबरात सोलापूर जिल्ह्यात पावसाने थैमान घातलं, सीनेला महापूर आला. आमचं शेत सीनेच्या काठी नाही, पण रानात वाफसाच येईना, पेरणी लांबली. दादाने तरी दोन एकर सुरती पेरली आणि तिसरा संडास बांधला. वहीत आता सुरुवातीलाच एक रकाना आहे, 'आई'. स्थळांच्या चहाचे कप अजूनही लवकरच उचलले जातात. त्यावर हुरडा सेंटरने काही फरक पडेल का, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

तुम्ही या हंगामात कुठेतरी हुरड्याला जाणारच असाल, तर सोलापूरच्या मुलीचे चार सल्ले फुकट देते. (हो, हे फुकट!) माणसं नीट मोजून आधी कळवा, कारण कणसं ऐन वेळी तोडतात, फ्रिजमधून काढत नाहीत. सकाळी लवकर पोचा. शेतातल्या उसाला न विचारता हात लावू नका. आणि शेत मावशीचं असो, मित्राच्या काकाचं असो की अगदी स्वतःच्या आजोबांचं, निघताना पाकीट देऊन या. दोन पाकिटं करा. एक आगटीजवळच्या माणसाला, आणि दुसरं चुलीजवळ जी असेल तिला, तिच्या हातात.